रकान्यातली आई

शिरगणतीच्या त्या वर्षी राहुरीतल्या एकाही बाईच्या तोंडून मला तिच्या नवऱ्याचं नाव काढता आलं नाही. मोजणीचं काम शाळामास्तरांच्या गळ्यात पडलं होतं आणि परक्या पुरुषाशी बायका बोलत नाहीत म्हणून हेडमास्तरांनी मला, मुलींच्या शाळेतल्या बाईला, बरोबर घेतलं. दारावर गेरूनं नंबर टाकायचा, उंबऱ्यात बसायचं आणि विचारायचं. वय विचारलं की उत्तर यायचं, मोठ्या दुष्काळात रांगत हुते. नवऱ्याचं नाव विचारलं की पदर तोंडाला आणि बोट शेजारणीकडे. शेजारणीनं हिच्या नवऱ्याचं नाव सांगायचं, मग तिच्या घरी गेलं की हिनं तिच्या नवऱ्याचं. मी मुळातच तिरसट. दोन आळ्या होईस्तोवर माझा आवाज चढला आणि हेडमास्तर म्हणाले, बाई, सरकार मोजायला सांगतंय, भांडायला नाही.

नदीकडच्या वस्तीवर एक म्हातारी कांदे निवडत बसली होती. तिनं माणसं सांगितली, न विचारता म्हशी सांगितल्या, मेलेली पोरंही सांगितली. मग कांदा बाजूला ठेवून म्हणाली, आता तुमचं सांगा. म्हायेर कुठलं? मी म्हटलं, हेच, राहुरी. आणि आजूळ? मी म्हटलं, माहीत नाही.

"आसं कसं? आई काय आभाळातनं पडली हुती व्हय तुमची?"

हेडमास्तर हसले. मीही हसले. पण घरी येऊन कुलूप काढलं, चूल पेटवली, आणि एकटीसाठी भात टाकताना मला रडू फुटलं. म्हातारी लाखातलं बोलली होती. मला खरंच आजोळ नव्हतं.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. बाळंतपणात गेली, बाळही गेलं. वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, मला शिकवलं, पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात धाडलं. माणूस देवासारखा, पण आईचा विषय निघाला की गप्प. आमच्या घरी कधी कुणी पाहुणा आला नाही. वडिलांकडचेही नाहीत आणि आईकडचेही नाहीत. दिवाळीत आळीतल्या मुली मामाकडे जायच्या, नवी परकरपोलकी घालून परत यायच्या आणि मला दाखवायच्या. मी वडिलांना विचारायची, आपला मामा कुठे? ते म्हणायचे, काष्टीकडे होते कोणीतरी तुझ्या आईचे, आता नाहीत. एवढंच. ताकास तूर लागू दिली नाही कधी. मला स्थळं यायची, माणसं बघून जायची, मग चौकशी व्हायची आणि निरोप यायचा की पत्रिका जमत नाही. माझी पत्रिका इतकी भिकार कशी, याचं मला फार दिवस कोडं होतं. शिरगणतीच्या आदल्या वर्षी वडीलही गेले आणि त्या दोन खोल्यांत मी एकटी उरले. शाळा सुटली की पुढे बोलायला माणूस नाही. कधीकधी तर मी तव्यावरच्या भाकरीशी बोलत असे.

म्हातारीच्या त्या बोलण्यानंतर मात्र मी हट्टालाच पेटले. काष्टीत आईचं कोणी ना कोणी असणार आणि ते मला सापडलंच पाहिजे. नुसतं जाऊन विचारायचं तर कोणाचं नाव घेऊन विचारायचं? आईचं सासरचं नाव मला ठाऊक होतं, पण आपल्यात लग्नात ताटभर तांदळांवर नवं नाव लिहितात आणि जुनं पुसून जातं. माहेरचं तिचं नाव काय, आडनाव काय, कशाचा पत्ता नाही. मग मला वाटलं, आपण जशी घरोघर जाऊन माणसं लिहिली तशी आई माहेरी होती तेव्हाही कोणी लिहिलीच असतील की! काष्टीचे ते जुने कागद मिळाले, तर ब्राह्मणांची घरं तिथं असून असणार किती? सुट्टी लागली तशी गाडीत बसून नगर गाठलं.

नगरच्या कचेरीतला कारकून वडिलांना ओळखत होता म्हणून त्यानं मला बसायला तरी सांगितलं. माझं म्हणणं ऐकून तो खो खो हसला. म्हणाला, बाई, ते कागद बेरजा झाल्या की रद्दीत जातात. सरकारला माणसांशी काय करायचंय, आकडे हवे असतात. आता बोला! उन्हातान्हात गेरूचं डबडं घेऊन आम्ही हिंडलो, नावांसाठी घसा कोरडा केला, ते सगळं रद्दीत. त्यानं कपाटातून त्या शिरगणतीचा छापील जाडजूड ग्रंथ काढून दिला, इंग्रजी. त्यात आपला जिल्हा होता, तालुके होते, धर्म, वयं, लग्न झालेले, न झालेले, सगळे रकान्यांत. काष्टीतलं एक माणूससुद्धा नव्हतं. मी ग्रंथ मिटून परत दिला.

तिथून मी वाचनालयात गेले. त्याला कारण होतं. वडील एकदाच, मी कॉलेजात पहिली आले तेव्हा, खुशीत येऊन म्हणाले होते की आमचं लग्न वर्तमानपत्रात छापून आलं होतं. मी तेव्हा थट्टा समजले. कारकुनाचं लग्न कोण छापतो? पण आता हातात दुसरं काही नव्हतंच. नगरच्या जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे वाचनालयाच्या माळ्यावर होते. माझ्या जन्माच्या आधीची दोन-तीन वर्षं मागितली तेव्हा ग्रंथपालांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि धूळ तुमची तुम्ही झाडा म्हणून सांगितलं. सुट्टीभर मी राहुरीहून येऊन तेच करत होते. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाची बदली, प्लेगाच्या सूचना, केसांच्या तेलाच्या जाहिराती. माणसं किती आणि काय काय कारणांनी छापून येतात! बायका मात्र सहसा येत नाहीत. आल्याच तर कुणाच्या तरी सौभाग्यवती किंवा कुणाच्या तरी मातोश्री म्हणून.

आणि एका दुपारी वडिलांचं नाव दिसलं. संपूर्ण नाव, हुद्द्यासकट. वर मथळा होता, नगर येथे पुनर्विवाह.

मला आधी वाटलं, वडिलांचं हे दुसरं लग्न. मग पुढचं वाचलं. काष्टी येथील एका भिक्षुकाची कन्या, दहाव्या वर्षी वैधव्य आलेली, आता वय वीस. तिच्याशी सदर गृहस्थांनी स्वखुशीनं आणि हुंडा न घेता विवाह केला. वधूपक्षाकडून कोणी हजर नव्हतं. वधूचं नाव तिच्या माहेरच्या मंडळींच्या इच्छेवरून दिलेलं नाही. शेवटी संपादकांनी वराचं अभिनंदन केलं होतं. वराचंच.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. वडिलांवर मी मनातल्या मनात इतकी चिडले, इतकी चिडले की ते समोर असते तर बोलून मोकळी झाले असते. मला सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? जगाला ठाऊक. स्थळं घेऊन येणाऱ्यांना ठाऊक. माझी पत्रिका का जमत नाही हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक, आणि मी खुळी शनीला दोष देत बसलेली! मग राग ओसरला आणि वाईट वाटायला लागलं, त्यांचं. एवढं धैर्य केलेला माणूस, आणि पोरीपुढे तोंड उघडायचं त्यांना धाडस झालं नाही. त्यांना वाटलं असेल, हिच्या मनातून आई उतरेल. मला कुठे ओळखलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कचेरीत गेले आणि तोच ग्रंथ मागितला. कारकून म्हणाला, यात काही नाही म्हणालात ना? मी म्हटलं, द्या तर खरं. आईच्या वयाची वजाबाकी मी करून आले होते. तिच्या लग्नाआधीची शिरगणती झाली तेव्हा ती चौदाच्या आसपास असणार. अहमदनगर जिल्हा, हिंदू, बायका, विधवा, दहा ते पंधरा. तिथं एक आकडा होता. काष्टीच्या त्या घराच्या दारातही तेव्हा कोणी मास्तर गेरू घेऊन उभा राहिला असेल, त्यानं विचारलं असेल, आणि कुणीतरी आतल्या अंधाराकडे बोट केलं असेल. त्या आकड्यात एक माझी आई होती. मी त्याच्यावर बोट ठेवून बसले. चार वर्षांची असल्यापासून तिच्या इतकी जवळ मी कधी गेले नव्हते. बाकीच्या कोण कुणाच्या, देव जाणे. कारकून समोरून बघतोय म्हणून मी डोळ्यांत धूळ गेली असं सांगितलं.

काष्टी आमच्याच लोहमार्गावर आहे. दौंडच्या अलीकडे. पुण्याला जाता-येता कितीदा त्या स्टेशनावर गाडी थांबली असेल आणि मी खिडकीतून शेंगा घेतल्या असतील. ह्या वेळी उतरले. बाजाराचा दिवस होता, बैलांच्या आणि माणसांच्या गर्दीतून वाट काढत भटजींचं घर विचारलं. एकच घर निघालं. ओसरीवर चाळिशीतले एक गृहस्थ पंचांग घेऊन बसले होते. कुणाचा मुहूर्त काढायचाय, असं त्यांनी मान वर न करता विचारलं. मी वाटेत किती गोड वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही. नगरला ज्यांचा पुनर्विवाह झाला त्यांची मी मुलगी, असं सरळ सांगून टाकलं.

त्यांनी पंचांग मिटलं. मग म्हणाले की त्यांची बहीण त्या लग्नाच्याच दिवशी वारली. त्यांच्या वडिलांनी घरातल्या सगळ्यांना विहिरीवर नेऊन तिच्या नावानं आंघोळ करायला लावली होती. ते तेव्हा मुंजीचं वय उलटलेले, तिच्याहून लहान. तिचं नाव त्यानंतर ह्या घरात निघालं नाही.

हे सगळं ते इतक्या शांतपणे सांगत होते की माझा पारा चढला. म्हटलं, त्या दिवशी नाही वारली ती. पुढे पाच वर्षं जगली. राहुरीला, नदीपासून जवळ. लोणचं घालायची, मला न्हाऊ घालायची, आणि बाळंतपणात गेली. उशाशी माहेरचं कुत्रंसुद्धा नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तिथी कोणती?"

मला माहीत होती. त्या तिथीला वडील कचेरीत जात नसत, काही खात नसत. मी म्हटलं, वैशाख वद्य पंचमी. त्यांनी ती स्वतःशी पुटपुटली. मग उठले, अंगातल्या कपड्यांनिशी परसातल्या विहिरीवर गेले, पोहरा वर काढला आणि डोक्यावर ओतला. पुन्हा काढला, पुन्हा ओतला. त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. ऐन दुपारी नेसत्या धोतरानं आंघोळ करणारा नवरा बघून तिचा चेहरा उतरला. तिनं विचारलं, कोण गेलं हो?

"ताई," ते म्हणाले आणि पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.

मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. आईला तिच्या माहेरचं कुणीतरी हाक मारल्यासारखं बोललं होतं, तेही इतक्या वर्षांनी, आणि ते ऐकायला मी तिथं होते. त्या एका क्षणात मी सगळं भरून पावले. खोटं कशाला बोलू.

मामींनी मला आत नेलं. पिठलं-भात केला, दुखवट्याच्या घरी करतात तसा. दाराआडून त्यांच्या दोन मुली बघत होत्या, दोघी लग्नाच्या. धाकटीचं कपाळ मला ओळखीचं वाटलं, किंवा वाटावं असं वाटलं. मामा ओल्या केसांनी ओसरीवर बसून होते. पान वाढून झाल्यावर मामींनी हळूच विचारलं, गावात कुणाला सांगितलंत का, आपण कोण म्हणून? मी म्हटलं, नाही, फक्त घर विचारलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच, त्याची लाज वाटून, माझ्या पानात आणखी भात घातला.

गाडीची वेळ झाली. मी पायांत चपला घातल्या. दुखवट्याच्या घरून निघताना येते म्हणत नाहीत, पुन्हा तसं येणं नको म्हणून. घरच्यांनीही ये म्हणायचं नसतं. मी म्हटलं नाही. मामी दारात उभ्या राहिल्या, मामा ओसरीवरून उठून उभे राहिले, आणि दोघं काही बोलले नाहीत. मी वळून वळून पाहत स्टेशनाकडे गेले.

पुढे त्या दिवाळीला मी घर सारवून, करंज्या करून वाट पाहिली. काष्टीहून कोणी आलं नाही, बोलावणंही आलं नाही. पुढच्याही दिवाळीला तेच. त्या दिवशी ते गप्प राहिले ते रीत म्हणून की माझी ब्याद टळावी म्हणून, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचं तर पुन्हा त्याच घरी जायला हवं होतं, आणि ये म्हटल्याशिवाय माणसानं आजोळी जायचं कसं?