गजभिये काकूंचा एंटर

रांग दारातून बाहेर पायऱ्यांवर गेली तेव्हा दुबेजी काउंटरच्या आत आले. दुबेजी म्हणजे हॉस्पिटलचे व्यवस्थापक. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग गजभिये काकूंच्या हाताकडे. काकूंच्या मुठीत माउस होता आणि सरकत सरकत तो टेबलाच्या कडेला आला होता.

"मॅडम, ये कमल का फूल दबेगा कब?" त्यांनी विचारलं.

कमळाचं फूल म्हणजे आमच्या नव्या प्रोग्रॅममधलं 'सेव्ह'चं बटण. काकूंचा बाण फुलाच्या डावीकडून जायचा, नाहीतर उजवीकडून. फुलावर थांबत नव्हता.

"दबून राहिलं नाही ना बाई हे," काकू मला मराठीत म्हणाल्या आणि लगेच रांगेकडे वळून हिंदीत ओरडल्या, "अरे दादा, धक्का मत दो! डॉक्टर कहीं भागे नहीं जा रहे!"

ही जबलपूरची गोष्ट. छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं. मी गोहलपूरला श्रीवास्तवजींच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात होते. खाली सलवार-सूट शिवायचा कारखाना आणि वर आम्ही. खालची मशीनं एकदम सुरू झाली की आमची टेबलं थरथरायची आणि चहाच्या ग्लासात लाटा उठायच्या. संध्याकाळी मॉनिटरवर फुलाफुलांचं कापडी कव्हर घालून मगच घरी जायचं, असा नियम होता. कव्हरं खालच्याच कारखान्यातल्या उरलेल्या कापडाची. इतके नटलेले मॉनिटर मी नंतर कुठे पाहिले नाहीत.

दीक्षितपुऱ्याजवळच्या एका धर्मादाय हॉस्पिटलचं नोंदणीचं काम आम्हाला मिळालं होतं. पेशंट आला की नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, जिल्हा, कुठला विभाग हे भरायचं आणि चिठ्ठी छापून द्यायची. पूर्वी हे काम काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांच्या जुन्या प्रोग्रॅमवर चालायचं. काकू तोच चालवायच्या. नवरा गेल्यावर त्या इथे लागल्या होत्या, कंत्राटावर. कंत्राट दर वर्षी नवं व्हायचं आणि ती वेळ त्याच महिन्यात आली होती.

दुबेजींनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला, पण मुद्दा सरळ होता. "देखिए, सिस्टम तो ट्रस्ट ने पास कर दिया है, वो तो चलेगा। गजभिये बाई से नहीं बनेगा तो कोई नया लड़का-लड़की रख लेंगे। सोमवार तक देख लेता हूँ।"

म्हणजे आमचा प्रोग्रॅम पास आणि काकू नापास होणार होत्या. काकू चेरीतालला आमच्याच गल्लीत राहायच्या. माझ्या आईची आणि त्यांची बुद्धविहारातली ओळख. आईला घरी जाऊन काय सांगायचं, हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न होता.

आता थोडं धंद्याचं सांगते. स्क्रीनवर जी बटणं, खूण करायचे चौकोन, यादी उघडणाऱ्या पेट्या दिसतात, त्या प्रत्येक सुट्या भागाला आम्ही विजेट म्हणतो. ते तयार मिळतात. अशा तयार भागांच्या संचाला टूलकिट म्हणतात. खालच्या कारखान्यात कुणी कुर्त्याची बटणं स्वतः घडवत बसत नाही. डब्यातून घेतात आणि लावतात. आमचंही तसंच.

पण श्रीवास्तवजींना तयार बटणं आवडत नसत. ती राखाडी, चौकोनी, सगळ्या जगात सारखी. त्यांनी इंदूरच्या एका कलाकाराकडून चित्रं काढून घेतली होती. 'सेव्ह'ला गुलाबी कमळ. 'प्रिंट'ला मोराचं पीस. जिल्हा निवडायला तर मध्य प्रदेशाचा अख्खा रंगीत नकाशा, जिल्ह्यावर टिचकी मारायची. कलाकाराने नकाशा कुठल्या तरी जुन्या पुस्तकातून घेतला असावा, कारण त्यात रायपूर आणि बिलासपूर अजून आपल्याकडेच होते. मी हे दाखवलं तेव्हा श्रीवास्तवजी म्हणाले, "चलो, कोई बात नहीं, उधर से भी तो पेशंट आते हैं।"

हॉस्पिटलमधून मी थेट ऑफिसात गेले.

"सर, चित्रं काढून टाकायची. स्टँडर्ड विजेट लावायचे."

श्रीवास्तवजींना मराठी कळायचं, बोलायचे मात्र हिंदीत. "पार्टी ने कमल देखके ऑर्डर दिया है। और तुम वो सरकारी दफ्तर जैसे डिब्बे लगाओगी?"

"चित्राला कीबोर्ड कळत नाही सर. टॅब दाबून त्यावर जाता येत नाही. फक्त माउसनेच दाबता येतं."

"तो माउस सीख लेंगी। इसमें कौन-सी पीएचडी है?"

"सोमवारपर्यंत?"

माणूस वाईट नव्हता, त्यांना फक्त सुंदर गोष्टींचा सोस होता. ऑफिसच्या पाटीवरसुद्धा त्यांनी चमकी लावली होती. शेवटी म्हणाले, "रविवार तुम्हारा। पर स्क्रीन खराब दिखी तो मैं नहीं आऊँगा साथ में, अकेली दिखाना।"

रविवारी खालची मशीनं बंद होती. ती शांतता अजून आठवते. मी कामांची यादी केली, कारण यादीशिवाय माझं डोकं चालत नाही. कमळ जाऊन राखाडी बटण आलं, त्यावर 'सेव्ह', आणि पहिल्या अक्षराखाली रेघ. त्या रेघेचा अर्थ असा की आल्ट आणि ते अक्षर दाबलं की बटण आपोआप दाबलं जातं. मोराचं पीसही गेलं, 'सेव्ह' झालं की चिठ्ठी आपोआप छापायची असं केलं. नकाशा जाऊन खाली उघडणारी यादी आली. त्यात एम दाबला की मंडला समोर, एस दाबत राहिलं की सिवनी. विभागांसाठी गोल खुणा, बाणाच्या कळीने वरखाली होणाऱ्या. यातलं काहीही मला वेगळं शिकवावं लागलं नाही. स्टँडर्ड विजेटला हे सगळं जन्मतःच येतं, म्हणून तर ते स्टँडर्ड. दुपारपर्यंत काम झालं. छत्तीसगडचे जिल्हे 'राज्याबाहेरचे' म्हणून यादीच्या शेवटी टाकले. प्रोग्रॅम फ्लॉपीवर घेतला, ती डब्याच्या पिशवीत ठेवली आणि मी निश्चिंत घरी गेले.

सोमवारी श्रीवास्तवजी न येण्याची धमकी विसरून माझ्याआधीच हॉस्पिटलला पोचले होते. दुबेजीही उभे. काकूंनी पदर खोचला, माउस बाजूला ढकलला आणि पहिल्या पेशंटला विचारलं, "हाँ अम्मा, नाम बोलो।"

कळा खडखडल्या आणि प्रिंटर सुरू झाला.

म्हातारीने वडिलांचं नाव सांगायच्या आत चिठ्ठी बाहेर आली होती. तिच्यावर फक्त 'सुखिया बाई' एवढंच. वय नाही, जिल्हा नाही, विभाग नाही. दुसऱ्या पेशंटचं तेच. तिसऱ्याचंही.

"अरे वा," दुबेजी म्हणाले, "अब तो पूछने की भी ज़रूरत नहीं रही!"

रांगेतला एकजण हसला. श्रीवास्तवजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "स्टँडर्ड, स्टँडर्ड कर रही थीं ना? लो स्टँडर्ड।"

काकूंचा चेहरा उतरला. "मी काय चुकून राहिली बाई? मी तर रोजच्यासारखंच करून राहिली."

"काकू, नाव टाकल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करतो म्हणजे? पुढचं टाकतो."

"पण मध्ये कोणती कळ दाबता?"

"कोणतीच नाही!" त्या ठामपणे म्हणाल्या.

त्या खोटं बोलत नव्हत्या. बोटं काय करतात हे बोटांच्या मालकाला सांगता येत नाही. तुम्हीही कुलूप कोणत्या बाजूला फिरवता हे न बघता सांगून पाहा. म्हणून मी विचारणं बंद केलं आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "जुन्या प्रोग्रॅमवर चार पेशंट करा काकू. मला फक्त बघू द्या."

जुना प्रोग्रॅम अजून मशीनवर होता. काळी स्क्रीन आली आणि काकू पुन्हा काकू झाल्या.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की त्या स्क्रीनकडे बघतच नाहीत. त्यांचे डोळे पेशंटच्या तोंडावर. गावाकडून आलेली माणसं, हॉलमधला गोंधळ, नाव तोंडातल्या तोंडात. काकू ओठ वाचायच्या. "सुपारी निकालो पहले, फिर बोलो। कोदूलाल कि गोदूलाल?" आणि खाली करंगळी प्रत्येक शब्दानंतर उजवीकडे जाऊन मोठ्या एंटरवर पडायची. ठप. नाव, ठप. वडील, ठप. वय, ठप. मधे आम्हाला उत्तरं देत, पदर सावरत, ठप. हार्मोनियम वाजवणाऱ्याने भात्याकडे बघू नये तसं.

कोडं सुटलं. जुन्या काळ्या प्रोग्रॅममध्ये एंटर म्हणजे 'पुढच्या रकान्यात जा'. नव्या, विंडोजच्या खिडक्यांच्या जगात तो अर्थ बदलला होता. तिथे प्रत्येक स्क्रीनवर एक मुख्य बटण असतं, ज्याच्याभोवती काळी जाड चौकट दिसते. कुठेही असताना एंटर दाबला की ते मुख्य बटण दाबलं जातं. जगभराची रीत आहे ती, आणि मीही रीतीप्रमाणे 'सेव्ह'ला मुख्य केलं होतं. काकूंनी नाव टाकून ठप केलं की बिचारा प्रोग्रॅम इमानाने चिठ्ठी छापून मोकळा होत होता.

मी दुबेजींना म्हटलं, "पंधरा-वीस मिनट दीजिए।"

"कमल वापस ला रही हैं क्या?"

"नहीं।"

श्रीवास्तवजी अस्वस्थ. "अब क्या करोगी? एंटर का मतलब बदलोगी? फिर स्टँडर्ड कहाँ रहा?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "बटण स्टँडर्डच राहील सर. यादी, गोल खुणा, सगळं तसंच. मी फक्त 'सेव्ह'चं मुख्यपण काढते. एंटर दाबला की पुढच्या रकान्यात. शेवटच्या रकान्यानंतर एंटर आपोआप 'सेव्ह'वर जाईल आणि तिथे दाबला की चिठ्ठी. टॅबवाल्यांना टॅब, माउसवाल्यांना माउस, काकूंना एंटर."

"और कोई खाना खाली रह गया तो?"

हे मात्र त्यांनी फार चांगलं विचारलं. रकाना रिकामा राहिला तर सूचनेची चौकट उघडायची, हे मी घातलेलंच होतं, पण 'सेव्ह'च्या आधी ते तपासलं जात नव्हतं. तेही सरळ केलं. त्या चौकटीबरोबर मशीन टुंग असा आवाज करतं. तोसुद्धा तयारच मिळतो.

काउंटरवरच उभ्याने बदल केला. मागे रांग कुरकुरत होती. मधे वीज गेली आणि यूपीएस किंचाळायला लागला, तेव्हा मी झालेलं काम आधी फ्लॉपीवर उतरवून घेतलं. वीज आली. काकू बसल्या.

"नाम?"

ठप. ठप. ठप. जिल्ह्याशी त्या जरा अडखळल्या. मी म्हटलं, "पहिलं अक्षर दाबा फक्त." त्यांनी डी दाबला, दमोह आलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, पण स्क्रीनकडे बघून नव्हे, पेशंटकडेच बघत. पेशंट घाबरला. ठप, आणि चिठ्ठी बाहेर. पूर्ण.

पुढे एका बाईचं वय भरायचं राहिलं. टुंग झालं. काकूंनी मान न वळवता विचारलं, "उमर बताई नहीं तुमने?" ती बाई चकित. श्रीवास्तवजी तिच्याहून चकित.

दुपारी रांग पायऱ्यांवरून हॉलमध्ये आणि हॉलमधून बाकांवर आली. दुबेजींनी कौतुकाचा शब्द काढला नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. जाताना काकूंना एवढंच म्हणाले, "गजभिये बाई, शाम को ऑफिस में साइन कर जाना।" काकूंनी हातातली पेशंटची चिठ्ठी आधी फाडून दिली आणि मग डोळे पुसले. श्रीवास्तवजींनी सगळ्यांना खोव्याची जिलबी आणवली. कमळ त्यांनी फुकट जाऊ दिलं नाही, प्रोग्रॅम उघडतानाच्या पहिल्या चित्रात लावलं. तिथे ते कुणाला नडत नव्हतं.

ती राखाडी स्क्रीन तिथे बरीच वर्षं चालली. गोहलपूरचं ऑफिस उठलं, कापडी कव्हरांचे मॉनिटर भंगारात गेले, मी दोन नोकऱ्या बदलल्या. काकू वेळ झाल्यावर मानाने निवृत्त झाल्या.

त्या सोमवारानंतर आठवड्याने त्या मला चेरीतालला घराच्या दारात भेटल्या होत्या. हातात भाजीची पिशवी. आईसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझं मशीन आता चांगलं चालून राहिलं बरं. नवीन होतं, म्हणून अडत होतं. वापरून वापरून रुळलं."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हटलं, "हो काकू." या धंद्यात बिघडलं तर आपण बिघडवलेलं असतं आणि सुधारलं तर मशीन आपोआप रुळलेलं असतं. हे एकदा मान्य केलं की काम सोपं जातं.