वांग्याच्या आतली अळी

मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. ही वही कोणाच्या हाती लागलीच, तर सांभाळून घ्यावं.

इथे हिंदी मुलखात, महाराजपुरात, आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे मी विकायला वांगी लावली. रोपं, खत आणि फवारणीचा पंप यासाठी मोठ्या जाऊबाईंनी तीन हजार रुपये दिले. कवळी बसवायला साठवलेले होते ते. दात गेल्यामुळे त्या पोळी वरणात भिजवून खायच्या. "वांगी विकली की दे. तोवर बोळकं घेऊन फिरते," म्हणाल्या आणि हसल्या.

फुलं आली तशी कोवळे शेंडे माना टाकू लागले. औषधाच्या दुकानात सगळी पुरुषांची गर्दी. तिथे माझं तोंड उघडत नाही. शेजारणीने मटारावर मारलेल्या औषधाची रिकामी बाटली मी काउंटरवर ठेवली आणि एक बोट दाखवलं. दुकानदाराने तसलीच नवी दिली. काही बोलावं लागलं नाही, याचं मला बरंच वाटलं.

तीनदा फवारलं. शेंडे सुकतच राहिले, मग वांग्यांनाही भोकं पडली. मावा नावाची कीड खाणारे ठिपक्यांचे लाल किडे मात्र वाफ्यात मरून पडले होते.

जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"दुकानात विचारलं काहून नाहीस?"

"माणसं होती, बाई."

"माणसंच होती ना? वाघ तर नव्हते? चल, मी येते. पण बोलशील तू."

मी सुकलेला शेंडा आणि एक वांगं नेलं. दुकानदाराने शेंडा चिरला. आत गुलाबीसर अळी होती.

"दीदी, ये तो अंदर बैठी है. आपने रस चूसने वालों की दवा डाल दी."

मग त्याने समजावलं. मी नेलेलं औषध झाड पितं, ते रसात उतरतं आणि रस शोषणारे किडे त्याने मरतात. ही अळी वेगळी. ती अंड्यातून निघून आत शिरायच्या आधीच गाठावी लागते. तेव्हाचं औषध अंगाला लागून मारतं, नाहीतर पानाबरोबर पोटात जाऊन. एकदा ती आत गेली की शेंडाच खुडून नष्ट करायचा.

"और ये बैंगन?" मी विचारलं, परवाच फवारल्याचंही सांगितलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"परसों ही छिड़का है ना? मत बेचना."

घरी दोन टोपल्या वांगी बाहेरून चकचकीत दिसत होती. बाजारात कोणाला कळलं नसतं. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि खड्डा खणायला लागल्या. दोन्ही टोपल्या मी त्यात रिकाम्या केल्या.

पुढे रोज सकाळी मी सुकलेले शेंडे खुडले. दुकानदाराला विचारून, पानांवर अंडी दिसली तेव्हाच फवारलं, तेही मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी. फवारल्यावर त्याने सांगितलेले दिवस भरेपर्यंत एकही वांगं तोडलं नाही. झाडं पुन्हा फुटली. विजय नगरच्या बाजारात बसून मी वांगी विकली. भावही स्वतःच सांगितला.

पैसे थोडे थोडे करून दिले. शेवटचे चारशे परवा जाऊबाईंच्या हातावर ठेवले. तीन हजार पूर्ण फिटले.