पाठ टेकायची खुर्ची

शर्टांच्या कारखान्यात आमच्या मावशी शिवून आलेल्या शर्टांचे लोंबणारे धागे कापायच्या. जीभही कात्रीसारखीच, चहा पाणचट झाला तर चहावाल्याची खैर नसायची.

गेल्या वर्षी नवा सुपरवायझर आला आणि त्याने आमचे सगळे स्टूल उचलून नेले. बसून बसून माणसं सुस्तावतात, हे त्याने आम्हाला स्वतःच्या फिरत्या खुर्चीतून सांगितलं. तेव्हापासून आम्ही दिवसभर उभ्या. संध्याकाळी मावशींचे पाय चपलेत मावेनात. घरी सून रोज बजावायची, "आई, तुम्ही गप्प राहा. नोकरी गेली तर खायचं काय?"

मावशी म्हणायच्या, "मालक येऊ दे एकदा, तोंडावर सांगते."

मालक आले. त्या सकाळी सुपरवायझरने प्रत्येकीला कोरी करकरीत खुर्ची दिली, चांगली पाठ टेकता येईल अशी. मालकांनी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "कुणाची काही तक्रार असेल तर उभं राहून मोकळेपणाने सांगा."

आम्ही सगळ्या मावशींकडे बघायला लागलो. त्यांनी दोन्ही हात टेबलावर रोवले, जरा उठल्यासारखं केलं आणि पुन्हा बसल्या. मग पाठ टेकून त्यांनी डोळेच मिटून घेतले.

मालकांची गाडी फाटकाबाहेर पडली, तशा खुर्च्याही गेल्या.

"मावशी, का नाही बोललात?" मी चिडून विचारलं.

उभ्यानेच कात्री हातात घेत त्या म्हणाल्या, "उठवेना गं. किती महिन्यांनी टेकले होते."