दारावर कोरलेले दोन शब्द

केजला आमच्या बोळात माझ्या नव्या गाडीच्या दारावर कुणीतरी खिळ्यानं 'गाडी काढा' असं कोरलं. मी विम्याचा क्लेम केला. पाहणीला आलेल्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण मी माझंच सांगत होतो.

पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. मोटारसायकल बोळात आत लावून माझी वाट बघत होता. मी बाजारातून आलो आणि गाडी नेहमीसारखी बोळाच्या तोंडाशी उभी केली. त्यानं रुमालानं दारावरची धूळ पुसली, फोटो काढले आणि डॉक्टर पोट तपासतो तसा प्रत्येक अक्षरावरून अंगठा फिरवला.

"कुणावर संशय हाय का?"

याचीच मी वाट बघत होतो. नगरपंचायतीच्या निवडणुकीत मी पडलो होतो. मतं पडली ती फक्त आमच्या बोळाची. तरी विरोधकांचा सूड, माझी वाढती ताकद, सगळं त्याला ऐकवलं. तो चहा पीत मान हलवत राहिला.

"लई वैरी हायेत तुमाला," तो म्हणाला. मला बरं वाटलं.

मग हेल्मेट घालून तो मोटारसायकलवर बसला आणि बसूनच राहिला.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

त्यानं बोळाच्या तोंडाकडं पाहिलं आणि अगदी अदबीनं म्हणाला, "सायेब, गाडी काढा."

क्लेम मंजूर झाला, दार नवं झालं. माझे सगळे विरोधक मात्र त्या क्षणी निकालात निघाले. उरले ते बोळातले शेजारी, म्हणजे माझे झाडून सगळे मतदार.