फक्कीवरची पावलं

शनिवारी सकाळी पुणं सोडलं, तेव्हा गाडीच्या डिकीत एक पाटी होती. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ह्यांचं नाव आणि खाली ‘स्मृतिवन’. पाटी अनंतरावांनी स्वतः रंगवलेली. अनंतराव म्हणजे ह्यांचे टेकडीवरचे मित्र. हे, अनंतराव आणि आणखी काही निवृत्त मंडळी वर्षानुवर्षं रोज सकाळी टेकडी चढत आली. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, आणि ती स्वतः पिण्यासाठी नाही, तर वर लावलेल्या रोपांना घालण्यासाठी. एकवेळ घरातली तुळस वाळेल, पण टेकडीवरचा कडुनिंब वाळता कामा नये. उघडी जमीन दिसली की या लोकांचे हात शिवशिवतात.

हे गेले त्याला आता वर्ष होईल. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मी आणि अनंतराव दोघंही कॉटशेजारी असताना ते म्हणाले होते, “तो माळ रिकामा ठेवू नका.” आम्ही दोघांनीही हो म्हटलं होतं. सासवडच्या पुढे आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. पाण्याची जमीन घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून माळ घेतला. कोल्हा काकडीला राजी! तिथे अमराई करायची असं ह्यांच्या मनात होतं आणि ते मनातच राहिलं. आता वर्षश्राद्धाच्या आधी टेकडीची मंडळी रविवारी तिथे जेसीबी लावून खड्डे खणणार होती. उन्हाळाभर खड्डे तापू द्यायचे आणि पाऊस पडला की रोपं लावायची, अशी रीत. मी एक दिवस आधी जाऊन सगळं नीट आहे ना ते बघणार होते.

गाडी माझी पुतणी मुक्ता चालवत होती. ती हिंजवडीत नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन माळ तुडवत हिंडते. हडपसर ओलांडेपर्यंत आमची गाडी चालली कमी आणि थांबली जास्त.

“काकू, पाचला निघायला हवं होतं. टोटली आपली चूक.”

“पाचला निघायला तू पाचला उठायला हवं होतंस,” मी म्हटलं.

दिवेघाट चढून वर थांबलो. खाली तलावाच्या तळाशी थोडंसं पाणी उरलं होतं आणि त्यापलीकडे पुणं धुरक्यात बुडालेलं. ह्यांच्याबरोबर आले की इथे थर्मासमधला चहा व्हायचा. या वेळी मी थर्मास आणलाच नव्हता. सासवडला रस्त्याकडेला एक बाई पानं अंथरलेल्या पाटीत अंजिरं घेऊन बसली होती. पिकलीत का, असं मी विचारलं. “खाऊन बघा आन् मग इचारा,” ती म्हणाली. खाल्लं आणि विचारायचं राहिलंच नाही.

पुढच्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. का, ते पुढे कळेल. डांबरी रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटेला लागलो आणि माळ दिसला. चैत्रातलं वाळलेलं गवत, मधूनच बोराटीची (रानबोरांची काटेरी झुडपं) जाळी आणि बाकी नुसता उजेड. झाड म्हणावं असं एकही नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की ह्यांचं बरोबर होतं, किती हे ओसाड!

शेजारच्या रानाचे मालक सोपानराव बांधावर वाट बघत होते. आमच्या तुकड्यावर लक्ष तेच ठेवतात. अनंतरावांनी फोनवर सांगितलं होतं, तशी त्यांनी आदल्या संध्याकाळी फक्की (चुन्याची पांढरी भुकटी) टाकून खड्ड्यांच्या जागा आखून ठेवल्या होत्या. पिवळ्या गवतात पांढरी वर्तुळं ओळीनं दिसत होती. मी एकेक वर्तुळ बघत चालले. माळाच्या जरा उंच भागापाशी आले आणि थांबले. तिथलं वर्तुळ विस्कटलेलं होतं. फक्कीत इवल्या इवल्या पावलांचे ठसे उमटले होते आणि पांढरी पावलं तिथून निघून एका बिळाच्या तोंडापर्यंत गेली होती. शेजारी आणखी एक बीळ होतं आणि जरा पलीकडे तिसरं.

“कुत्र्याची पिल्लं?” मी विचारलं.

“न्हाई ओ. खोकडाची हायेत,” सोपानराव म्हणाले. “दर साली हितंच वीत्यात.”

“म्हणजे कोल्हा?”

“काकू, कोल्हा वेगळा,” मुक्ता कुजबुजली. तिनं आम्हाला दोघांना हाताला धरून मागे ओढलं. “खोकड त्याहून लहान असतं, मांजरापेक्षा जरासं मोठं. लांब व्हा आधी, आत पिल्लं आहेत.”

खरं सांगते, मला राग आला. खोकडाचा नाही, या सगळ्या योगायोगाचा. एवढा माळ पडलेला आणि याच वर्तुळात घर? एवढा एक खड्डा सोडून देऊ, असं म्हणून मी विषय मिटवला. सोपानरावांनी मान हलवली. वाटेत मुक्ताला खोकडाची वाळलेली विष्ठा दिसली, ती तिनं काडीनं उकलून मला दाखवली. बोरांच्या बिया, किड्यांचे चकचकीत पंख, उंदराचे केस. पेठेत वाढलेल्या बाईला हे असलं काही दाखवायची ही काय रीत, असं वाटलं, पण बघितलं.

सोपानरावांच्या घरी मुक्कामाला जायला गाडी सुरू केली आणि लक्षात आलं की टायर बसलंय. बाभळीचा काटा. स्टेपनीतही हवा नाही.

“शेवटची कधी तपासली होतीस?” मी विचारलं.

“काकू, प्लीज. आत्ता नको.”

मुक्ता चाक मांडीवर घेऊन सोपानरावांच्या मोटारसायकलवर मागे बसली आणि दोघं गावात गेली. मी गाडीच्या सावलीत सतरंजी टाकून बसले. घरून आणलेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून माळाकडे बघत राहिले.

ऊन उतरलं. उंचवट्यावर आधी दोन कान दिसले, अंगाच्या मानानं फारच मोठे. मग राखाडी, सडपातळ मादी बाहेर आली, झुबकेदार शेपटीचं टोक काळं. तिनं चारही बाजूंचा वास घेतला. गाडीकडे बराच वेळ पाहिलं आणि मी काही कामाची नाही असं ठरवून ती आडवी झाली. मागोमाग पिल्लं आली, मातकट रंगाची, एकमेकांच्या अंगावर पडणारी. एक फक्कीच्या वर्तुळात लोळलं आणि नाक पांढरं करून आईकडे गेलं. तिनं ते चाटून साफ केलं.

मग गवतातून नर आला. त्याच्या तोंडात उंदीर होता. त्यानं तो तिच्यापुढे ठेवला आणि स्वतः जरा लांब जाऊन बसला. थोड्या वेळानं उठून गवतात उड्या मारू लागला. एकेक टोळ टिपत, कान टवकारत, पाय अलगद टाकत त्यानं सगळा माळ पालथा घातला. जिथे मला काहीच नाही असं वाटलं होतं, तिथे त्याला पावलागणिक काहीतरी सापडत होतं. एक टिटवी ओरडत त्याच्या डोक्यावरून फिरली, तिचीही अंडी तिथेच कुठेतरी असणार. आमचे हे बाजारातून आले की पिशवी ओट्यावर ठेवून असेच लांब खुर्चीत जाऊन बसायचे. मला रडू आलं. वर्षभरात इतकं मोकळं रडले नव्हते.

मुक्ता परत आली तेव्हा खोकडं गवतात दिसेनाशी झाली होती.

“एक खड्डा सोडला तर राहतील ना गं ती?” मी विचारलं.

“बीळ राहील, काकू. पण झाडं मोठी झाली की सावलीत हे गवत जाणार. गवत गेलं की उंदीर, टोळ सगळं गेलं. मग ती खाणार काय? आणि टँकर, माणसं, माणसांमागे कुत्री. कुत्री पिल्लं ठेवत नाहीत.” मग ती म्हणाली, “पण काकांची इच्छा आहे. तू ठरव.”

रात्री सोपानरावांकडे पिठलं-भाकरी झाली. जेवताना ते म्हणाले, “झाडं लावा, न्हाईतर नका लावू. जमीन तुमची हाय. पर कोंबडीचं पिल्लू घावलं तर सोडत न्हाई बरं का ते खोकड.” मला झोप लागली नाही. ह्यांनी कधी खोकड पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. आणि दिलेला शब्द माझा एकटीचा नव्हता, तो अनंतरावांचाही होता.

सकाळी जेसीबी आला आणि त्यामागून टेकडीची मंडळी. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली! रोपं अजून नर्सरीत आणि हे पाणी घेऊन आलेले. सवय, दुसरं काय. मी अनंतरावांना बाजूला नेलं, पावलं दाखवली, सगळं सांगितलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ फक्कीकडे बघत राहिले.

“वहिनी, त्याची शेवटची इच्छा होती ती. आपण दोघांनी ऐकलीय.”

“ऐकलीय.”

“मग दोन कोल्ह्यांसाठी ती मोडायची?”

“खोकडं,” मी म्हटलं.

“जे काय असेल ते!” त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. “मला त्याच्यासाठी दुसरं काही करता येत नाही हो. मला एवढंच येतं.”

मी चपलेनं ते वर्तुळ पुसलं आणि मग पुढचं. मुक्ता पलीकडच्या ओळीला लागली. जेसीबीवाल्यानं यंत्र बंद केलं. आम्ही दोघी पुसत गेलो आणि सगळ्या माळावर नुसते पांढुरके डाग उरले. अनंतरावांनी डिकीतली पाटी काढली, नाव खाली करून आपल्या गाडीत ठेवली आणि माझ्याशी न बोलता निघून गेले.

परतताना घाटात थांबलो नाही. मी शब्द पाळला की मोडला, हे मला हडपसरच्या कोंडीतही ठरवता आलं नाही.

दोन दिवस घरात बसून काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांची बाटली भरली आणि वर्षात पहिल्यांदा टेकडी चढले. ह्यांनी लावलेला कडुनिंब मला ओळखता येत नव्हता. अनंतरावांनीच लांबून हात करून तो दाखवला. त्याच्या मुळाशी मी पाणी घातलं. ते शेजारी उभे होते.

“पाटी उलटी केलीय,” ते म्हणाले. “मागची बाजू कोरी आहे. नुसतं ‘येऊ नये’ लिहून भागणार नाही, आपल्यासारखे लोक कुदळी घेऊन येतच राहणार. मजकूर सांगा.”

मी सांगितला, त्यांनी ओठांत घोळवला. येथे झाडे लावू नयेत. खड्डे खणू नयेत. तिसऱ्या ओळीला ते अडखळले. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि ती ओळ मला पुन्हा सांगायला लावली.

“माळ रिकामा नाही.”

“ही ओळ मोठ्या अक्षरांत घेतो,” अनंतराव म्हणाले.