मासेलिनाची लांबलेली प्रार्थना

"मला कुणी पळवून नेलं नाही, नेणाऱ्यासाठी आम्ही घरातलं सगळ्यात मोठं डुक्कर भाजलं होतं."

मासेलिना हे पहिल्यांदा बोलली ती आमच्या बेटावरच्या फालेलुपे गावच्या महिला मंडळात, बिंगोच्या दोन डावांच्या मध्ये. बायका हसल्या. मग त्यांतल्या निम्म्या जणींना आठवलं की ते डुक्कर आपणही खाल्लं होतं, आणि हसू तिथेच थिजलं. मीही खाल्लं होतं. मी गावचा मास्तर, शिवाय शेजारी, त्यामुळे मला मागच्या पायाचा मानाचा तुकडा आला होता. त्याची चव अजून आठवते, हे लिहिताना बरं वाटत नाही.

सात भावंडांत ती तिसरी. शाळेत तिला प्रश्न विचारायची मला भीती वाटे. एखाद्या बेटाची राजधानी विचारली तर ती आधी तिथे कुणाची मावशी राहते ते सांगायची, मग त्या मावशीच्या गुडघ्यांबद्दल. राजधानी घंटेच्या आत कधी आलीच नाही. घरी तर त्याहून कठीण. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की सगळं गाव आपापल्या घरात बसतं, आणि घरातली मुलं आळीपाळीने प्रार्थना सांगतात. मासेलिनाची पाळी असली की भाजलेला विलायती फणस थंड होऊन जाई. ती सगळ्या शेजाऱ्यांसाठी नावानिशी मागायची, त्यांच्या कोंबड्यांसाठीही. एकदा तिच्या बापाने, इओसेफोने, एक डोळा उघडून मधेच "आमेन" म्हणून टाकलं. बायकोने त्याला तिथल्या तिथे देवाची माफी मागायला लावली. प्रार्थना तोडायची नसते. देव ऐको न ऐको, माणसांनी संपेपर्यंत डोळे मिटून बसायचं असतं.

सेउमालो हा तिच्या आईचा चुलतभाऊ, म्हणजे मासेलिनाचा मामा. मानाचा मुखिया, पण राहायला मेलबर्नच्या बाहेर. दर नाताळात काळा चष्मा लावून यायचा, बरोबर टिनमधल्या खाऱ्या मांसाची खोकी. चर्चच्या नव्या छपराचं काम त्याच्याच पैशाने सुरू झालं होतं. त्या वर्षी तो म्हणाला, ओळखीच्या मळेवाल्याकडे स्ट्रॉबेरी भरायला एक मुलगी हवी आहे.

"फार नाजूक फळ असतं ताई," तो मासेलिनाच्या आईला म्हणाला, "आणि तुझ्या पोरीचे हात बघ."

आईने एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पोरीचे हात बघितले, आणि तिला ते खरंच नाजूक वाटले. तिसऱ्या दिवशी डुक्कर भाजलं. पाद्रीबाबांनी सेउमालोसाठी खास आशीर्वाद मागितला. विमानतळावर उतरल्यावर त्याने तिचा पासपोर्ट मागून घेतला. तिकडची हवा दमट, बुरशी लागते म्हणाला. आमच्याकडे चपलांवरही बुरशी उगवते, तरी तिने विश्वास ठेवला. मामा होता तो.

पहाटे साडेचारला व्हॅन, दिवसभर मळा, संध्याकाळी मामाच्या घरचा स्वयंपाक आणि धुणं. पगार मामा "जपून" ठेवत होता. फाटकाला कुलूप होतं, ते चोरांसाठी. झोपायला गॅरेज, त्यात आणखी चौघं, सगळी आपल्याच बेटांवरची, सगळ्यांच्या घरी असंच एकेक डुक्कर भाजलं गेलेलं. त्या सतरा महिन्यांबद्दल मासेलिना मला फारसं बोललेली नाही. एकदा एवढंच म्हणाली की गॅरेजला खिडकी नव्हती, त्यामुळे दिवस कुठे संपतो ते दिसायचं नाही. आमच्या घरांना नुसते खांब असतात, भिंती नसतात. तिथून गेलेल्या मुलीला भिंत चारही बाजूंनी शिकावी लागली. बाहेरच्या कुणाशी बोलायची बंदी होती. शेवटी शेवटी ती म्हणे स्ट्रॉबेरीला नावं ठेवायची, आणि पेटी बंद करताना त्यांचा निरोप घ्यायची.

रविवारी मात्र चर्चला नेणं भाग होतं. सेउमालो तिथला मोठा सेवेकरी. घरातली माणसं दिसली नाहीत तर लोक विचारणार. भजन झालं की पाचही जणांना सरळ व्हॅनमध्ये बसवायचा.

आणि मग मातृदिन आला. त्या दिवशी चर्चमध्ये मानाच्या घरातल्या एकेका मुलीने प्रार्थना सांगायची असते. सेउमालोच्या स्वतःच्या मुलीला आपली भाषा धड येत नव्हती. दुसऱ्या मुखियाची मुलगी उभी राहणार आणि आपल्या घरचं कुणी नाही, हे त्याला सोसवेना. त्याने मासेलिनाचं नाव दिलं. ज्या माणसाने सतरा महिने तिचं तोंड बंद ठेवलं, त्यानेच हौसेने तिला माईकसमोर नेऊन उभं केलं.

तीनशे माणसांनी डोळे मिटले.

"हे परमेश्वरा," मासेलिनाने सुरुवात केली, "सगळ्या आयांना सुखी ठेव. माझ्या आईलाही ठेव, तिला मी सतरा महिने फोन केलेला नाही, कारण फोन मामांकडे आहे. मामांनाही सुखी ठेव. त्यांना माझा पासपोर्ट सापडू दे. तो त्यांच्या कपाटात, दुसऱ्या खणात, मोज्यांच्या खाली आहे. बाकी चौघांचेही तिथेच आहेत. गॅरेजला एक खिडकी दे. मामांनी आमचे जे पगार जपून ठेवलेत, ते इतके जपू नयेत अशी त्यांना बुद्धी दे..."

सेउमालो खोकला. मग मोठ्याने खोकला. पण प्रार्थनेत खोकल्याबद्दल त्यानेच मागच्या महिन्यात एका पोराला सगळ्यांसमोर उभं करून दंड केला होता. तिसऱ्यांदा त्याला खोकता येईना. डोळे उघडावेत तर दुसऱ्या कुणी उघडे ठेवून आपल्याकडे बघितलं तर? मासेलिना वीस मिनिटं मागत राहिली. घराचा पत्ता सांगितला, देवाला सोपं जावं म्हणून फाटकाचा रंगही सांगितला. शेवटी तिने "आमेन" म्हटलं आणि अख्ख्या चर्चने "आमेन" म्हटलं. साठ वर्षांच्या सवयीने सेउमालोनेही म्हटलं.

"म्हणजे त्याने कबूलच केलं की," ती मला पुढे म्हणाली. "वकिलाला मी तेच सांगत होते. पण तो म्हणाला, कोर्टात हे चालत नाही."

तिसऱ्या रांगेत लोसा नावाची एक नर्स बसली होती. ती चहाला थांबली नाही. मासेलिनाचा दंड धरून तिला स्वतःच्या गाडीत बसवलं आणि थेट पोलीस ठाण्यात नेलं. पुढे कोर्टकचेरी दोन वर्षं चालली, आणि सेउमालो आत गेला.

मासेलिना गावी परतली तेव्हा तिच्यासाठी कुणी कोंबडीही मारली नाही. चर्चचं छप्पर अर्धवट राहिलं होतं. पाऊस आला की डाव्या बाजूचे लोक छत्र्या उघडून बसत, आणि छत्रीखालून तिच्याकडे बघत. उजवी बाजू कोरडी होती, पण बघायची तीही. दुकानात गेली की बोलणं बंद व्हायचं. तिच्यासारख्या मुलीला याहून मोठी शिक्षा कुठल्या न्यायाधीशाला सुचली नसती.

म्हणून ती बोलायला लागली. बिंगोत बोलली, दुसऱ्या गावच्या बिंगोत बोलली, मग अशा फसवून नेलेल्यांसाठी काम करणाऱ्या, राजधानीतल्या, आपियाच्या एका कार्यालयाने तिला बोलावलं. तिथल्या बाईंनी तिला रंगीत खडू दिले आणि आपलं दुःख काढायला सांगितलं. तिने स्ट्रॉबेरी काढली. बाई म्हणाल्या, अजून थोडं. तिने अजून दोन काढल्या. मग त्यांनी गावोगावी लावायचं एक भित्तिपत्रक दाखवलं. त्यावर साखळदंडात जखडलेली एक मुलगी होती.

"ही कोण?" मासेलिनाने विचारलं.

"ही तुम्ही. म्हणजे तुमच्यासारखी."

"आमच्याकडे साखळी कुणी बघितलीय? गाव म्हणेल, आमच्याकडे असलं काही नाही, आणि डुक्कर भाजायला घेईल. तुम्ही बायबल हातात घेतलेला एक मामा काढा. हसणारा. पोट सुटलेला."

त्यांनी काढला. पत्रकं छापून आली तेव्हा तो हुबेहूब आमच्या पाद्रीबाबांसारखा दिसत होता. पाद्रीबाबा महिनाभर तक्रारी करत फिरले. पण त्या महिन्यात लोकांनी पत्रक जितकं निरखून वाचलं, तितकं आमच्याकडे काही वाचलं जात नाही.

पुढे सरकारने एक समिती नेमली. गावच्या मुखियांनीच परदेशी कामासाठी माणसं निवडायची आणि त्यांचे पासपोर्ट सांभाळायचे, हे बंद करावं का, यावर आपियात सुनावणी ठेवली. गॅरेजमधली बाकीची चौघं चार दिशांना गेली होती, बोलायला तयार नव्हती. उरली मासेलिना. आणि त्याच महिन्यात सेउमालोचा धाकटा भाऊ उएली गावात नवी यादी करत होता. पुन्हा स्ट्रॉबेरी. नऊ नावं होती. पाचवं नाव तिरेसाचं, मासेलिनाच्या धाकट्या बहिणीचं.

"मी तुझ्यासारखी भोळी नाही," तिरेसा म्हणायची. पासपोर्ट तिने आधीच उएलीला देऊन टाकला होता.

सुनावणीच्या दिवशी उजाडलं तेव्हा इओसेफोच्या अंगणात पाच माणसं चटयांखाली बसलेली होती. बारीक विणीच्या, पिढीजात चटया, डोक्यावरून ओढलेल्या. समोर दगड आणि लाकडं. ही आमची इफोंगा. अपराध्याचं घराणं असं येऊन बसतं, म्हणजे आम्हाला मारा, भाजा, तुमच्या हातात आहोत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्या घरच्या कर्त्याने चटई उचलली की क्षमा झाली. मग त्या गोष्टीबद्दल कुणी कधी अवाक्षर काढायचं नाही. ना त्यांनी, ना आपण.

उएलीने दिवस बरोबर निवडला होता.

गाव रस्त्याच्या कडेला जमलं. घराला भिंती नसल्याने आत काय चाललंय ते सगळ्यांना दिसत होतं, ऐकूही येत होतं. चटयांखालच्यांनाही.

"उचलली तर ती आपियात एक शब्द बोलू शकत नाही," इओसेफो म्हणाला.

"आणि नाही उचलली तर?" आई.

"तर गाव आपल्याशी बोलणार नाही."

"आत्ता कुठे बोलतंय?"

"बोलेल ताई, उद्यापासून बोलेल," पहिल्या चटईखालून आवाज आला. उएली. चटईखाली तोंड उघडायचं नसतं, पण तो घराण्यातला बोलका.

"तू गप्प बस," आई म्हणाली. "माफी मागायला आलायस ना?"

"हो."

"मग न बोलता माग."

"गरम होतंय ताई. काय ते लवकर ठरवा."

"आम्ही सतरा महिने थांबलो. तू थांब थोडा. आणि काल तिरेसाकडून फोटो कशाला मागून घेतलास?"

चटई हळूच म्हणाली, "व्हिसाला लागतात."

रस्त्यावर कुणीतरी हसलं. इओसेफोने डोकं धरलं. आजवर इफोंगा नाकारणारं घर आमच्या गावात झालेलं नव्हतं. त्याच्या आजोबांनी तर सख्ख्या भावाच्या मारेकऱ्यावरची चटई उचलली होती. मी अंगणाच्या कडेला उभा होतो, तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, तुम्ही शिकलेले. काय करू?"

मी बराच विचार केला. "आपियाची बस साडेसहाला आहे," मी म्हणालो. आयुष्यात मी दाखवलेलं सगळ्यात मोठं धैर्य ते हे एवढंच.

मासेलिना खांबापाशी बसली होती. सगळे तिच्या बोलण्याची वाट बघत होते. आता ही सुरू होईल, प्रत्येक चटईला नावानिशी हाक मारील, आणि दुपारपर्यंत आपण इथेच, असा अंदाज होता. काही बायकांनी बसायला नारळाच्या झावळ्याही आणल्या होत्या.

चर्चच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला. इओसेफो उठला, अंगणात उतरला, आणि उएलीच्या चटईच्या कडेला हात लावून तसाच वाकून राहिला. उचलेना, सोडेना.

"पोरी," तो मागे न बघता म्हणाला, "तू सांगशील तसं. पण सांग काहीतरी."

मासेलिना उभी राहिली. तिरेसाने तिच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. मासेलिनाने काखेत सुनावणीचे कागद धरले, चपला घातल्या आणि दोन पायऱ्या उतरली. बसलेल्या मोठ्यांच्या समोरून जाताना आमच्याकडे कमरेत वाकून माफ करा म्हणावं लागतं. पाच चटयांच्या मधून ती ताठ चालत गेली. बापाच्या हाताजवळून, मग माझ्यासमोरून, मग रस्त्यावरच्या सगळ्या गावासमोरून. बसपर्यंत तिने तोंडातून एक शब्द काढला नाही.