आधी वाईट सांगणाऱ्या साळवे मॅडम

साळवे मॅडमच्या ऑफिसात पहिल्यांदा शिरले, मामा मागे होते. बसायच्या आधीच मी विचारलं, "मॅडम, माझा भाऊ सुटेल ना?"

त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याजवळ ओढली. "ताई, आधी वाईट काय ते सांगते. खुनाचा गुन्हा हाये. जामीन लवकर मिळणार न्हाई. शाबित झाला तर जन्मठेप होऊ शकते. हे ऐकून झालं, मंग आता बोलू."

आधी वाईट सांगायचं, ही त्यांची रीत जालन्याच्या कोर्टात सगळ्यांना ठाऊक होती. मला नव्हती. मी तिथेच रडायला लागले. मॅडमनी मला गप्प केलं नाही, घड्याळाकडेही पाहिलं नाही.

माझा धाकटा भाऊ विलास परतूरला मालाचा टेम्पो चालवायचा. कापसाच्या बाजारात गाड्यांच्या रांगेवरून मारामारी झाली. त्यात एक तरुण ड्रायव्हर सिमेंटच्या ओट्यावर आपटला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला. पोलिसांनी चौघांना धरलं, त्यात विलास. मी भोकरदनला शाळेत शिकवते. फोन आला तेव्हा वर्गात होते. जालन्याच्या बसमध्ये बसल्यावर कळलं, खडू अजून मुठीतच होता.

मामांनी आदल्याच दिवशी एक वकील गाठून ठेवला होता. तो म्हणाला होता, "पंधरवड्यात बाहेर काढतो, गॅरंटी! पोरगा त्या दिवशी जांब समर्थला दर्शनाला गेल्ता म्हणायचं. दोन-तीन माणसं तयार ठेवा." मामांना धीर आला होता. मला त्या गॅरंटीचीच जास्त भीती वाटली. म्हणून शाळेतल्या एका बाईंनी साळवे मॅडमचं नाव सुचवल्यावर मी मामांना ओढतच तिथे नेलं होतं.

मामांनी मॅडमनाही तीच जांबची गोष्ट ऐकवली. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मामा, तो तिथं होता का न्हाई, हे मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय. वकीलपत्रावर सहीबी त्याचीच लागती. वकील त्यानं निवडायचा. जन्म त्याचा जाणार हाये, तुमचा-माझा न्हाई."

जिन्यात मामा उखडले. "ही बाई आपल्याला आत्ताच हरवून राह्यली. चल, त्या वकिलाकडंच जाऊ."

एका बाजूला गॅरंटी होती, दुसऱ्या बाजूला जन्मठेप हा शब्द. मी एवढंच म्हणाले, "मामा, विलासनं नेमकं काय केलं, हे त्या वकिलानं एकदा तरी विचारलं का?" मामा जिना उतरायला लागले, पण त्या वकिलाकडे वळले नाहीत.

मॅडम जेलमध्ये विलासला भेटून आल्या. त्यानं सही केली होती. "तो तिथं होता," त्या म्हणाल्या. "मेलेल्या पोराच्या कमरेला त्यानं मिठी मारल्ती, मारामारीतून वढून काढायला. मला तो खरं बोलून राह्यला असं वाटतं. पण ताई, बघणाऱ्याला असंबी दिसू शकतं, की ह्यानं धरलं आन् बाकीच्यांनी मारलं."

त्या दिवसापासून ती मिठी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. शाळेत पोरं खेळता खेळता एकमेकांना धरायची, तरी मी धावत जाऊन त्यांना सोडवायचे.

जामीन पहिल्यांदा नाकारला गेला, आरोपपत्र दाखल झाल्यावर मिळाला. मी सारखा फोन करायचे. मॅडम वैतागत नसत. "घाबरा, बिलकुल घाबरा. पण घाबरून कुणाच्या सांगण्यावरून कुठं सही करू नका. आन् साक्षीदाराच्या दारात जायचं न्हाई, चहालाबी न्हाई." मेलेल्या मुलाची आई दर तारखेला यायची आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची. मी तिची नजर चुकवायचे. मॅडम मात्र जाता-येता तिला नमस्कार करायच्या. एकदा मी बघत राहिले, तर म्हणाल्या, "आपला पोरगा आत गेला तरी भेटायला जाता येईल. तिनं कुठं जायचं?"

खटला उभा राहिला आणि बाजारातल्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण कोर्टात लावलं गेलं. आवाज नव्हता, पण विलास स्पष्ट दिसत होता, त्या मुलाच्या कमरेला विळखा घालून. मामांनी माझं मनगट गच्च धरलं. "जांबला गेल्ता म्हणलं असतं तर..." त्यांना पुढे बोलवेना.

मग चहाच्या गाडीवाल्याची साक्ष झाली. मॅडम उलटतपासणीला उठल्या.

"ह्यानं मयताला मारलं?"

"धरलं होतं."

"धरून कुठं ओढत होता?"

त्यानं विलासकडे पाहिलं.

"बाहेर," तो म्हणाला. "माझ्या गाडीकडं. 'सोडा रे त्याला' म्हणून वरडत होता."

मॅडम लगेच खाली बसल्या. एकही प्रश्न पुढे विचारला नाही.

निकालाच्या दिवशी मी त्यांना चहा आणून दिला. त्यांनी कप धरला आणि तो बशीवर वाजायला लागला. मी घाबरून विचारलं, "मॅडम, तुम्हालाही भीती वाटते?"

"दर निकालाला वाटती. आत गेल्यावर दिसू देत न्हाई, एवढंच."

बाकीच्या तिघांना शिक्षा झाली. विलास निर्दोष सुटला. ते शब्द मला ऐकूच आले नाहीत. मॅडमनी मागे वळून मान हलवली, तेव्हा कळलं.

बाहेर विलास त्यांच्या पायाशी वाकला, तेवढ्यात ती आई उठून आमच्यासमोर आली. मामा मध्ये आडवे आले. मॅडमनी त्यांना हातानं बाजूला केलं. ती शिव्या देईल, अंगावर येईल, असं मला वाटलं.

ती विलासला म्हणाली, "माझ्या लेकराला तू बाहेर वढीत होतास ना रे?"

विलासनं मान हलवली.

"मंग जरा जोरात का न्हाई वढलं?"

विलास तिथेच खाली बसला. आम्ही जिंकून आलेली माणसं, पण एकालाही मान वर करता येईना. साळवे मॅडमनी त्या आईचा हात धरला, तिला बाकावर बसवलं आणि काळ्या कोटासकट तिच्या शेजारी बसल्या. आत त्यांच्या दुसऱ्या खटल्याचा पुकारा झाला. त्यांनी ज्युनिअरला खुणेनं पाठवलं. आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या तिथून उठल्या नव्हत्या.